तिसऱ्या रांगेतला खोकला

४ फेब्रुवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

फोन उचलायचाच नाही असं ठरवलंय का तुम्ही? मी तीनदा केला. पहिल्यांदा वाजून वाजून थकला. दुसऱ्यांदा तुम्ही उचललात, "हं" म्हणालात आणि ठेवून दिलात. तिसऱ्यांदा सरळ बंद! सूनबाईला, म्हणजे तुमच्याच लेकीला, विचारलं तर ती म्हणते, "बाबांना हल्ली फोनवर बोलायला आवडत नाही." जन्मभर विंगेत स्टुलावर बसून नटांना वाक्यं सांगणाऱ्या माणसाला बोलायला आवडत नाही? हे काही मला पटायचं नाही.

रुसलात का? मागे जेवायला आला होतात तेव्हा मी म्हटलं होतं, प्रॉम्प्टर म्हणजे पगार घेऊन कुजबुजणारा माणूस. ते गमतीत होतं हो. पण विहिणीची गंमत झोंबते जास्त, हे माझ्या वेळेवर लक्षात येत नाही. रुसला असाल तर तसं लिहा, म्हणजे मला रीतसर माफी मागता येईल. नसाल तर फोन उचला. दोन्हीपैकी काहीतरी एक करा, हे असं अधांतरी ठेवू नका.

आणि बीपीची नवी गोळी मानवतेय ना? वेळेवर घेता ना? की तीही उचलत नाही?

आपली विहीण

९ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

रुसलो बिसलो काही नाही. फोनमध्ये खरखर फार येते, म्हणून नको वाटतो. पत्र बरं. पत्रात खरखर येत नाही.

गोळी मात्र फर्स्टक्लास! तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर तुम्ही रक्ताच्या गुठळ्या करता आणि विरघळवता, हे मी ऐकून होतो, पण त्या दिवशी जेवताना तुम्ही जे समजावून सांगितलंत त्यानं माझे डोळेच उघडले. म्हणजे शरीरात गुठळी होते तशी ती विरघळवणारी यंत्रणाही असते. त्या यंत्रणेला एक ब्रेक असतो. बीपी वाढवणारं जे द्रव्य असतं, ते हा ब्रेक आवळतं. आणि माझी गोळी ते द्रव्यच कमी करते, म्हणून ब्रेक सैल पडतो. बरोबर ना? मी हे सगळं तालमीत सर्वांना पाठ करून दाखवलं.

आमच्या नाटक कंपनीत सगळेच बीपीवाले. मॅनेजरची गोळी पाय सुजवणारी, त्यामुळे तो दुपारनंतर चपला हातात घेऊन हिंडतो. नायिकेची गोळी लघवीची. ती दुसऱ्या अंकात नाटकात नसलेल्या दोन एक्झिट घेते आणि मागे राहिलेला खलनायक तोवर खिडकीबाहेर बघत उभा राहतो. त्यांच्या गोळ्यांना गुठळीतलं ओ की ठो कळत नसणार. माझी गोळी मात्र काम करते, आणि ती काम करताना मला ऐकू येते.

लेकीला आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

आपला व्याही

१३ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

ऐकू येते म्हणजे काय? मी एवढी वर्षं गुठळ्यांत घालवली, मला एकदाही काही ऐकू आलेलं नाही. गुठळी विरघळते तेव्हा नळीतलं गढूळ पाणी हळूहळू नितळ होतं, एवढंच. आवाज नाही, बिवाज नाही. कानात शिट्टी वाजते का? छातीत धडधड होते? नीट लिहा.

मॅनेजर आणि नायिकेच्या गोळ्यांना नावं ठेवू नका. ज्याला जी मानवेल ती त्याची गोळी. लघवीच्या गोळीनं तो ब्रेक उलट थोडा आवळतो असं काही तपासण्यांत दिसलंय खरं, पण म्हणून ती वाईट ठरत नाही. तिनं बीपी उतरतं आणि माणसं जगतात. नायिकेला हे सांगा. की नको, तुम्ही काहीच सांगू नका. तुम्ही अर्धं सांगता.

आणि एक. सूनबाईच्या तोंडून काल निसटलं की बाबा बोलताना फार खोकतात. लगेच तिनं जीभ चावली. खोकता का? हो की नाही, एवढंच लिहा.

आपली विहीण

२० फेब्रुवारी

विहीणबाई,

हो.

आता लेकीला बोलू नका. शपथ मीच घातली होती. फोनवर तुम्ही खोकला ऐकला असतात तर तुम्ही डॉक्टरांना सांगितलं असतंत, डॉक्टरांनी गोळी बदलली असती आणि माझा घात झाला असता. म्हणून मूग गिळून बसलो होतो.

तुम्हीच म्हणाला होतात, आठवा. आमटी वाढता वाढता म्हणालात की या गोळीनं शरीरात आणखी एक द्रव्य साठतं, ते गुठळी विरघळवणाऱ्याला कामाला लावतं आणि तेच घशात गुदगुल्या करून कोरडा खोकला आणतं. घशातली गुदगुली आणि गुठळीची धुलाई, दोन्ही एकाच्याच हातची! घरी गेलो, गोळी घेतली आणि आठवड्याभरात खोकला सुरू झाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! खोक् म्हणजे एक गेली. खोक् खोक् म्हणजे दोन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? मी श्वास कोंडून मान हलवली आणि जिन्यात येऊन खोकून घेतलं.

हसू नका. माझे थोरले भाऊ सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले ते पुन्हा उठलेच नाहीत. गुठळी. आणि तुम्ही सांगितलंत की तो ब्रेक पहाटे-सकाळीच सर्वांत जास्त आवळलेला असतो. तेव्हापासून मी नाडीचे बूट टाकून दिले, चपलाच घालतो. तरी सकाळ झाली की माझी पाचावर धारण बसते. अंथरुणात बसून राहतो. मग खोकल्याची उबळ येते आणि जीव भांड्यात पडतो. चला, म्हणतो, गोळी जागी आहे. विहीणबाई, मला फार भीती वाटते हो. हे मी कुणालाच बोललो नव्हतो.

पण आता तिकडे वेगळंच घोडं अडलंय. प्रॉम्प्ट करायला मी श्वास घेतला की आधी खोकला येतो आणि मग वाक्य. रविवारी तर शेवटच्या अंकात महाराज मरून पडले होते. महाराज म्हणजे आमचे प्रमुख नट, वय विचारू नका, एके काळी राजाची भूमिका करायचे म्हणून ते नाव. कोचावर मस्त मेले होते. नायिका रडत होती. थिएटरात चिडीचूप. आणि मी खोकलो. महाराज ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "चहा झाला का गं?" हे पहिल्या अंकातलं वाक्य! नायिका म्हणाली, "झाला." महाराज म्हणाले, "मग ठीक आहे," आणि पुन्हा मेले.

प्रेक्षक बाकं बडवत होते. मॅनेजर हातातली चप्पल घेऊन माझ्या अंगावर आला. आणखी एकदा खोकलात तर त्या स्टुलावर दुसरा माणूस बसेल, म्हणाला. आता मी काय करू? गोळी सोडली तर थोरल्यांच्या वाटेनं जाईन आणि स्टूल सोडलं तर घरी बसून मरेन. त्या स्टुलाशिवाय मला काही येत नाही.

आपला व्याही

२४ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

पत्र वाचून आधी मी "चहा झाला का गं?"वर पोट धरून हसले आणि मग नाडीवर येऊन थांबले.

आता मुकाट्यानं वाचा. चूक माझी आहे. जेवायच्या ताटावर मी ज्ञान वाढायला नको होतं. पण तुम्ही त्यातून जे काढलंत ते भलतंच आहे. खोकला म्हणजे पावती नव्हे! ही गोळी घेणारी कितीतरी माणसं आयुष्यात एकदाही खोकत नाहीत, आणि त्यांचाही ब्रेक तुमच्यासारखाच सैल पडतो. तुमचा घसा नाजूक, एवढाच त्याचा अर्थ. एका खोकल्याला एक गुठळी हा हिशेब कुठल्या पुस्तकात वाचलात? मुळात अंगात इतक्या गुठळ्या असत्या तर तुम्ही स्टुलावर नसतात, आमच्या लॅबमध्ये असतात.

दुसरं. ब्रेक सैल झाला, आकडा खाली आला, हे आम्ही रक्त काढून मोजलं म्हणून दिसलं. पण आकडा खाली आला म्हणून अमक्याला गुठळी होणारच नाही असं मला कुणी लिहून दिलेलं नाही आणि मीही तुम्हाला देऊ शकत नाही. तुम्हाला राखणारी गोष्ट साधी आहे, बीपी ताब्यात असणं. ते दुसऱ्या गोळीनंही राहतं. याच गोळीची एक चुलत बहीण आहे, ती तेच बीपी वाढवणारं द्रव्य दुसऱ्या दारानं अडवते आणि घशाच्या वाटेला सहसा जात नाही. ब्रेकवर तिचा परिणाम तितका पक्का दिसत नाही, खरं सांगते. पण त्यासाठी खोकत बसण्यात काही अर्थ नाही.

डॉक्टरकडे जा. आजच. श्वास न कोंडता जा. भावाचंही सांगा. आणि स्वतःच्या मनानं गोळी बंद केलीत तर मी तिथे येऊन तुमच्या मॅनेजरच्या दुसऱ्या चपलेनं तुमची पाठ शेकीन.

जास्त लिहीत नाही. घसा बसलाय माझा. लॅबमध्ये एसी फार थंड ठेवतात. हल्ली फोनवर बोलवत नाही, तेव्हा तुम्हीही पत्रच लिहा.

आपली विहीण

१६ मार्च

विहीणबाई,

उशीर झाला, क्षमा. गेलो होतो डॉक्टरकडे. सगळं ओकलो. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस लपवलंत कसं?" मी म्हटलं, "पडद्यामागेच नोकरी आहे." त्यांनी चुलत बहीण लिहून दिली. भावाचं ऐकून आणखी दोन तपासण्या केल्या, त्या ठीक आल्या. बीपी उत्तम. खोकला आधी विरळ झाला, मग गेला. परवापासून औषधाला सुद्धा नाही.

आणि माझी हालत काय सांगू! सकाळी उठतो आणि सगळं शांत. गोळी जागी आहे की झोपलीय, काही कळत नाही. तुम्ही सांगितलंत ते सगळं डोक्याला पटलंय. डोक्याखाली अजून उतरलेलं नाही.

ते राहू द्या, पुढचं ऐका. परवाच्या प्रयोगात महाराज अडकले. मी श्वास घेतला, खोकला आला नाही, मनात म्हटलं वा! आणि इतका सुंदर कुजबुजलो की नायिकेला ऐकू गेलं, खलनायकाला ऐकू गेलं, पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान हलवली. महाराज ढिम्म. पुन्हा सांगितलं. ढिम्म. शेवटी नायिकेनंच त्यांचंही वाक्य म्हटलं आणि स्वतःचंही, आणि स्वतःशीच भांडून निघून गेली.

नंतर मेकअपच्या खोलीत महाराजांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. विंगेकडचा माझा कान दोन वर्षांपूर्वीच गेला. तुझं कुजबुजणं मला ऐकू येतच नाही. कसंबसं निभावत होतो. मग तू खोकायला लागलास. खोकला आला की कळायचं, आपण अडकलोय, पुढचं वाक्य म्हण. वाक्यं मला येतात रे. फक्त कुणीतरी ढकलावं लागतं." बघा! दोन वर्षं मी हवेला प्रॉम्प्ट करत होतो. तुम्ही म्हणाला होतात ना, पगार घेऊन कुजबुजणारा माणूस. ते सुद्धा जास्तच झालं.

आता मॅनेजरला खोकला हवाय! म्हणतो, खोकत होतात तेव्हा निदान नाटक पुढे तरी सरकायचं. पुढच्या शनिवारी थिएटरचे मालक प्रयोग बघायला येणार आहेत. महाराज अडकले तर नाटक बंद. म्हणजे महाराज घरी, मी घरी. मी आरशापुढे उभा राहून खोटं खोटं खोकायचा सराव करतोय. जमत नाही. शेजारीण विचारायला आली, कुत्रा पाळलात का?

आपला व्याही

१९ मार्च

व्याहीबुवा,

गोळी बदललीत हे झकास केलंत. आता पुन्हा खोकल्यासाठी जुनी गोळी मागायला गेलात तर गाठ माझ्याशी आहे.

शनिवारी आम्ही तिघंही येतोय, मी, मुलगा आणि सूनबाई. तिकिटं पुढची काढा. महाराजांचा चांगला कान प्रेक्षकांकडे असतो ना? सहजच विचारते.

आपली विहीण

२५ मार्च

विहीणबाई,

प्रयोग संपल्यावर गर्दीत तुम्ही रुमाल तोंडाला लावून अशा काही पसार झालात की भेटच झाली नाही. लेक म्हणाली, आईंना बाहेर मोकळी हवा हवी होती. ठीक आहे. मीही पत्रच लिहितो.

पहिल्या अंकात महाराज अडकले. मी स्टुलावर बसून तोंड उघडलं आणि कुत्र्यासारखा आवाज निघाला. महाराजांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मालक घड्याळ बघत होते. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खोकला आला. कोरडा, खणखणीत, वरच्या पट्टीतला. महाराजांच्या चेहऱ्यावर उजेड पडला! "चहा झाला का गं?" काय म्हणाले म्हणून सांगू. टाळी पडली.

दुसऱ्या अंकात चार वेळा अडकले, चारही वेळा तिसरी रांग धावून आली. मी वहीवर बोट ठेवून बघत होतो. चार वेळा बरोबर वेळेवर. आणि शेवटच्या अंकात महाराज मेले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आता जर का तिसरी रांग खोकली! मी विंगेतून डोकावलो. तुम्ही गाल फुगवून, डोळे मोठे करून, दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होतात. पडदा पडेपर्यंत. पडला मात्र, आणि तुम्ही जे सुटलात ते टाळ्यांच्या वर ऐकू येत होतं.

नाटक चालू राहणार आहे. मालकांनी महाराजांना मिठी मारली. महाराजांनीही हिय्या करून मालकांना कानाचं सांगून टाकलं. आता त्यांच्या कानाला यंत्र बसवणार आहेत, म्हणजे मला परत कुजबुजायचं काम मिळालं.

तर विहीणबाई, तुमचे आभार मानायला हे पत्र नाही. मी दोन महिने तो खोकला खोकलोय. तो मला पाठ आहे. आधी घशात मुंगी चालते, मग दोन लहान, मग एक मोठा. ते एसीचं नाही आणि सर्दीचं तर नाहीच नाही. तुम्ही त्याच गोळीवर आहात. कधीपासून? आणि तुमच्या डॉक्टरांपुढे तुम्ही श्वास कोंडता की जिन्यात खोकता?

हो की नाही, एवढंच लिहा.

आपला व्याही

२९ मार्च

व्याहीबुवा,

हो.

जानेवारीपासून. आणि जिन्यात नाही, लिफ्टमध्ये.

हसा आता पोटभर, मी काही म्हणणार नाही. डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलचे. दोन मजले वर बसतात. मला काय सगळं माहीत आहे, असं तेही समजतात आणि मीही. तुम्हाला लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. खोकला म्हणजे पावती नव्हे, आकडा म्हणजे हमी नव्हे. पण रोज नळीत ब्रेक सैल पडताना बघायची सवय लागली की वाटतं, हे आपल्याकडेही असू द्यावं. आमच्या घरी बुटाची नाडी नव्हती. आमचे हे आंघोळीहून आले आणि पंख्याखाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळचीच वेळ होती, हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. तुम्ही भीती वाटते असं सरळ लिहिलंत, मला ते जमलं नाही. मी तुम्हालाच दम देत बसले.

काल डॉक्टरकडे गेले. चुलत बहीण सुरू झाली. घसा सुधारेल म्हणतात. तोवर तुमच्या तिसऱ्या रांगेत मी उपलब्ध आहे, मानधन घेणार नाही, चहा चालेल.

आता माझं ऐका. ही पत्रं पुरे झाली. तुम्हालाही सकाळ नको वाटते आणि मलाही. उद्यापासून उठल्या उठल्या मी फोन करीन. उचलायचा. काही बोललात नाहीत तरी चालेल, नुसतं "हं" म्हणा, म्हणजे मला कळेल तुम्ही जागे आहात. मग मी "हं" म्हणेन. मग तुम्ही उठा आणि बूट घाला. नाडीचे. नवे घेतलेत, सूनबाईच्या हाती पाठवतेय, माप तिलाच विचारलंय.

वाकून बांधा. मी फोनवर थांबते.

आपली विहीण